रेषा वाऱ्याची

संस्थेत त्या दोघांना नावाने कुणी हाक मारत नसे. तो डोंगऱ्या आणि ती गणितीण. तो वर्षातले निम्मे दिवस डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत काढायचा, आणि ती खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून संगणकावर ताऱ्यांची मॉडेलं बांधायची. लग्नाला वीस वर्षं उलटली होती. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई, आणि चौथा तो तारा.

"घरजावई करून ठेवलाय तुम्ही त्याला," म्हातारी म्हणायची. "खातपीत नाही, एवढाच काय तो गुण."

तारा होताही तसा लाड करण्याजोगा. सूर्याच्या तीसपट जड, आणि इतका तापलेला, की स्वतःच्याच उजेडाच्या रेट्याने त्याचं अंग सोलून निघत होतं. वायूचा प्रचंड वारा त्याच्यापासून चहूकडे सुटलेला. साध्या ताऱ्याचा प्रकाश फोडून त्याचा पट्टा पाहिला तर त्यात काळ्या रेघा दिसतात. याच्या पट्ट्यात उलट लखलखीत रेषा होत्या, कारण तो वाराच पेटल्यासारखा उजळायचा. शिवाय त्याला एक जोडीदार होता, त्याच्याहून तापट, पण वेगळा असा कधीच न दिसणारा. लांबोळक्या वाटेने फिरत तो सातएक वर्षांतून एकदा मोठ्याच्या अगदी अंगाला भिडायचा आणि त्या वाऱ्यात बुडून जायचा. मग हेलियमची एक रेषा, जी त्या जोडीदाराच्या जिवावरच जळत होती, बघता बघता विझायची आणि पुन्हा पेटायला महिने लागायचे. ती विझताना टिपता आली असती, तर वारा किती दाट आहे, तारा किती झिजतोय आणि पुढे त्याची काय गत होणार, या सगळ्याचा उलगडा झाला असता. मागच्या खेपेला ढगांनी दगा दिला. ढग हटले तेव्हा रेषा गेलेली होती. कधी गेली, देव जाणे.

या खेपेला चूक होऊ द्यायची नव्हती. म्हणून गणितिणीने तारीख काढली.

काम सोपं नव्हतं. जोडीदार ओढतो तसा मोठा तारा किंचित मागेपुढे हलतो, आणि त्याच्याबरोबर वर्णपटातल्या रेषाही कधी निळ्याकडे, कधी तांबड्याकडे सरकतात. डोंगऱ्याने वर्षानुवर्षं गोळा केलेले सगळे पट तिने घेतले, त्यातली सगळ्यात ठसठशीत अशी हायड्रोजनची रेषा निवडली, आणि तिच्या सरकण्यावरून कक्षा बसवली. आलेख असा गुळगुळीत आला, की बघत राहावं. तिने तो सभागृहात पडद्यावर लावला तेव्हा संचालक पुढच्या रांगेत मान डोलावत होते. बर्फाच्या दिवसांत वर चढायचं तर माणसं, इंधन, डॉक्टर, ऑक्सिजनच्या टाक्या असा सगळा लवाजमा न्यावा लागतो. तो कोणत्या आठवड्यात न्यायचा हे आता तिच्या तारखेवर ठरणार होतं.

मागच्या रांगेतून डोंगऱ्या उठला.

"ही रेषा ताऱ्याची नाहीये," तो म्हणाला. "वाऱ्याची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती ताऱ्यापासून फार लांब तयार होते. तारा आज हलला, तरी ती बातमी वाऱ्याबरोबर तिथवर पोचायला वेळ लागणार. आपण शिळी बातमी वाचतोय. ती विझण्याची घटना तुझ्या तारखेच्या आधीच होईल."

"किती आधी?"

"दोन आठवडे. तीनही असतील."

"कशावरून?"

"ती नायट्रोजनची बारकी रेषा बघ. ती खोलातली आहे, ताऱ्याच्या जवळची. दर वेळी ती आधी वळते. मी बघत आलोय."

गणितिणीला ती रेषा माहीत होती. गवतात हरवलेल्या सुईसारखी. तिच्यावर काही बसवायचं म्हणजे वाळूवर भिंत.

"त्या रेषेत गोंगाटाशिवाय काही नाही," ती म्हणाली. "आणि 'बघत आलोय' याला आकडा कुठला लावू? नुसत्या नजरेवरच भागणार असतं, तर वर दुर्बिणीऐवजी एक ज्योतिषी बसवला असता की आपण. स्वस्तात काम झालं असतं!"

सभागृह खदखदून हसलं. संचालकही हसले. डोंगऱ्यासुद्धा हसला, कान लाल करून, आणि खाली बसला. तारीख कायम झाली.

घरी येताना गाडीत तो गप्प होता. ती म्हणाली, "राग आला?" तो म्हणाला, "छे! बोलण्यात तुझ्यापुढे कोण टिकणार?" विषय तिथेच मिटला. निदान तिने तसं धरून चालायचं ठरवलं.

आदल्या वर्षी त्याला न्युमोनिया झाला होता. बरा झाला, पण डाव्या फुप्फुसावर डाग राहिला. जिना चढताना मधल्या पायरीवर तो काहीतरी आठवल्यासारखं करून थांबायचा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की यापुढे डोंगर बंद. अगदीच जायची वेळ आली तर हाताशी डॉक्टर आणि ऑक्सिजन असल्याशिवाय नाही. आणि हा गडी बाकीच्यांच्या तीन आठवडे आधी वर जायचं म्हणत होता.

"स्पेक्ट्रोग्राफ थंडीत आकसतो," तो पिशवी भरताना म्हणाला. "सगळे यायच्या आधी त्याला सरळ करून ठेवतो. ते यंत्र माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

गणितीण दाराशी उभी होती. तिला खरं कारण कळलं नव्हतं का? कळलं होतं आणि नव्हतंही. मनाच्या एका कोपऱ्यात तिला पक्कं ठाऊक होतं, की याने आपली तारीख मानलेली नाही. पण ते उघडून बघायचं म्हटलं तर वाद आला. आणि दुसरंही होतं. त्याच्या हातचे पट जितके स्वच्छ येत तितके दुसऱ्या कुणाचेच येत नसत. तिला ते हवे होते.

स्वयंपाकघरात म्हातारीने तिला गाठलं. "अगं, तू सांग त्याला. तू सांगितलंस तर राहील तो."

"तो कुणाचं ऐकतो का आई?"

"माझं नाही ऐकत. तुझं ऐकतो. आजवर ऐकत आलाय."

"सगळं ठरलंय आता," ती म्हणाली आणि नळ सोडून कप विसळायला लागली. म्हातारी निघून गेली.

तो गेला. वर तेव्हा माणसं तीनच होती. पाळीवरचा निरीक्षक, ज्याला त्याच्या उंचीमुळे सगळे लंबू म्हणत, जनरेटर सांभाळणारा आणि स्वयंपाकी. त्याला आधी जायची परवानगी संस्थेने दिली, पण डॉक्टर आणि टाक्या ठरल्या तारखेलाच चढणार होत्या. ऐन बर्फात रस्ता दोनदा मोकळा करणं कुणाला परवडत नव्हतं.

रोज संध्याकाळी फोन यायचा. पहिले काही दिवस त्याचा आवाज खणखणीत होता. घुमटावर बर्फ किती, स्वयंपाक्याने काय करपवलं, लंबूचं डोकं दाराच्या चौकटीला कितव्यांदा आपटलं, असल्या गमती. मग खोकला आला. आधी वाक्याच्या शेवटी, मग वाक्याच्या मधे.

"औषध घेतोस ना?" तिने विचारलं.

"घेतोय. कोरडी हवा आहे, बाकी काही नाही."

"रेषा कशी आहे?"

"आहे. पण जराशी बसल्यासारखी वाटते. उंची कमी झालीय."

"थंडीने फोकस हलला असेल. तपासून बघ. एक्स्पोजर वाढव."

पलीकडे खोकल्याची उबळ सुरू झाली. ओला, खालून खरवडत येणारा खोकला. तो संपेपर्यंत ती फोन कानाला लावून थांबली. संपल्यावर म्हणाली, "एक्स्पोजर किती देतोयस सध्या?"

त्याने सांगितलं. हे त्यांचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत मॉडेल चालवून निकालाची वाट बघत बसली होती, तेव्हा लंबूचा फोन आला. सकाळपासून डोंगऱ्याचे ओठ निळे पडले होते. छातीत घरघर लागली होती. बसलं तर बरं वाटतं म्हणून तो दुर्बिणीच्या खोलीतल्या खुर्चीतच बसून राहिला होता. त्याला गाडीत घालून तिघेही खाली निघाले. एक चालवायला, एक त्याला धरायला आणि एक पुढे उतरून फावड्याने बर्फ उपसायला. उंची कमी झाली की आराम पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बर्फ उपसता उपसता उंची कमी होत नाही. दुसऱ्या वळणाच्या अलीकडेच तो गेला. फुप्फुसांत पाणी भरलं होतं.

"वहिनी, मी धरून होतो त्याला," लंबू म्हणत होता. "वहिनी, ऐकताय ना?"

ती ऐकत होती. समोर पडद्यावर मॉडेलचे आकडे एकाखाली एक उतरत होते. तिने ते थांबवलं नाही. थांबवायचं असतं हेच तिला सुचलं नाही.

म्हातारीला तिनेच सांगितलं. म्हातारी पलंगावर बसून मोजे रफू करत होती. तिने सुई कपड्यात टोचून ठेवली, मोजा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आणलाय का त्याला?"

"आणतायत."

"थंडीत राहिलाय. पांघरूण घालून आणा म्हणावं."

पुढचे दिवस कसे गेले हे गणितिणीला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. माणसं येत होती, जात होती. वर घुमट बंद होता. तिघेही त्याच्याबरोबर खाली आलेले, जनरेटर बंद, आणि मागोमाग बर्फाने रस्ता बुजला. लंबू पुन्हा वर पोचला तेव्हा आठवडा होत आला होता. त्याने दुर्बीण ताऱ्याकडे वळवली, पट घेतला, आणि तिला न कळवता आधी संचालकांना कळवलं. हेलियमची रेषा नव्हती. होती तिथे सपाट रान होतं.

म्हणजे विझली ती नेमकी घुमट बंद असतानाच. डोंगऱ्याने शेवटचा पट घेतला तेव्हा ती बसायला लागली होती, आणि त्याला खाली आणत होते, त्याचं सगळं उरकत होते, तेव्हा कधीतरी ती गेली. ठरल्या तारखेला टाक्या आणि डॉक्टरांसह लवाजमा वर चढला तो विझलेल्या चुलीपुढे ऊब घ्यायला बसावं तसा.

लंबू पाळी संपवून खाली आला, तो आधी तिच्या घरी आला. डोंगऱ्याची पिशवी त्याने दारातच ठेवली. त्याला चहा दिला, तो त्याने हातात धरूनच ठेवला.

"एक बोलायचंय वहिनी. बोलू की नको, तेच कळत नाहीये."

"बोला."

"तो लवकर आला ते यंत्र सरळ करायला नव्हे. यंत्र ठणठणीत होतं. आल्या दिवसापासून तो ती रेषा मोजत बसला होता. मी म्हटलं, अरे, तारीख लांब आहे. तर म्हणाला, नाही, याच दिवसांत जाणार ती."

"मग मला का नाही सांगितलं त्याने?"

"तेच मी विचारलं." लंबूने कप खाली ठेवला. "म्हणाला, तोंडी सांगून झालंय. आता पट हातात देतो. ती बघेल, तिचं तिलाच कळेल आणि तारीख ती स्वतःच दुरुस्त करेल. बाकीचे चढायच्या आत झालं, तर चारचौघांत तिची फजिती नको." त्याने पिशवीकडे बघितलं. "तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं वहिनी त्याला."

गणितिणीने उठून दारातली पिशवी आत घेतली. आतल्या खोलीत म्हातारी जागी होती, दार उघडं होतं. लंबू गेल्यावर चहा तसाच राहिला, वर साय धरलेला.

दुसऱ्या दिवसापासून तिने नायट्रोजनची रेषा हातात घेतली. एकेका पटात ती खरोखरच दिसत नव्हती. पण जवळजवळच्या दिवसांतले पट एकावर एक रचले तर गोंगाट खाली बसत होता आणि गवतातून सुई वर येत होती. मग तिने मॉडेलमध्ये वाऱ्याचे थर नव्याने मांडले. कुठल्या थरात कुठली रेषा जन्म घेते, तारा हलल्याचं त्या थराला किती उशिरा कळतं, हे सगळं. कधीच करता आलं असतं ते. अवघड होतं, पण तिला अशक्य नव्हतं. सभागृहातल्या त्या दिवशी तिने त्याच्याकडे आकडा मागितला होता, आणि तो काढण्याची अक्कल, साधनं, सवड, सगळं तिच्याच टेबलावर पडलेलं होतं.

नवी कक्षा आली. नवी तारीख घुमट बंद होता त्याच दिवसांत पडली. हायड्रोजनची रेषा किती मागे राहते तेही आलं. दोन आठवडे आणि वर थोडं. मॉडेल आणि पट एकमेकांवर असे बसले, की फटीत नख जाऊ नये. आयुष्यात इतकं चांगलं जुळलेलं काम तिच्या हातून झालं नव्हतं. तिने पडदा बंद केला आणि ती घरी निघाली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा म्हातारी त्याचे स्वेटर घड्या घालून खोक्यात भरत होती. ही समोर खुर्चीत बसली.

"आई, माझी तारीख चुकली होती," ती म्हणाली. "त्याची बरोबर होती. मी मानली असती तर सगळे त्याच्याबरोबरच वर गेले असते. डॉक्टर, टाक्या, सगळं."

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "लंबू सांगत होता ते ऐकलं मी."

"मी त्याला अडवलंही नाही. तुम्ही सांगूनसुद्धा."

"हो."

म्हातारीने आणखी एक स्वेटर उचलून त्याच्या बाह्या आत दुमडल्या. मग म्हातारी म्हणाली, "मला तुमच्या रेषाबिषा कळत नाहीत. एकच विचारते. खरं सांगशील?"

"विचारा."

"तो तुला तुझ्यापेक्षा कमी वाटायचा का गं? डोक्याने?"

गणितिणीला नाही म्हणता आलं असतं. म्हातारीलाही कदाचित तेच हवं होतं.

"कधी कधी," ती म्हणाली.

म्हातारीने मान हलवली, जणू दुकानदाराने अपेक्षित भाव सांगितला. शेवटचा स्वेटर खोक्यात ठेवला. "त्याला ठाऊक होतं ते," ती म्हणाली. "हसायचा त्यावर. मला मात्र कधी हसू आलं नाही."

पुढच्या आठवड्यात म्हातारी लेकीकडे राहायला गेली. भांडण नाही, टोमणा नाही. जाताना फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं, गॅसची टाकी संपत आलीय ते सांगितलं. टॅक्सीत बसताना सुनेने हात पुढे केला तो तिने आधारासाठी धरला आणि बसल्यावर सोडला.

शोधनिबंध झाला. गणितिणीने डोंगऱ्याचं नाव पहिलं घातलं, त्यापुढे लेखक हयात नसल्याची खूण. सभागृहात तो मांडताना तिने चुकीचा आलेख आधी लावला, मग बरोबर, आणि सरळ शब्दांत सांगितलं, की हे त्याने याच सभागृहात आधी सांगितलं होतं आणि आपण त्याला हसण्यावारी नेलं. कुणी हसलं नाही. कुणी वरही बघितलं नाही. संपल्यावर संचालक तिच्याजवळ आले.

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "शास्त्र असंच पुढे जातं. पुढच्या खेपेला पकडूच."

पुढच्या खेपेला ती निवृत्त झालेली असणार होती. ती "हो" म्हणाली आणि प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळायला लागली.

रेषा हळूहळू परत पेटत होती. लंबू दर आठवड्याला पट पाठवायचा आणि ती ते मॉडेलवर बसवायची. ते बसत होते.

रविवारी सकाळी ती नणंदेच्या घरी फोन लावायची. म्हातारी फोनवर यायची, कधी टाळलं नाही. गुडघे कसे आहेत ते सांगायची, हवा कशी आहे ते सांगायची, तुझं जेवणखाण होतं ना ते विचारायची. एका रविवारी गणितिणीने धीर करून म्हटलं, "आई, येता का परत? थोडे दिवस तरी."

"नाही गं," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तिथे आले की मी दाराकडे बघत बसते. आणि मग तुझ्याकडे बघते. ते बरं नाही, दोघींनाही."

"बरं," गणितीण म्हणाली.

"गार पडलंय हो इकडे. तू पांघरून झोपत जा," म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवला.